पिंजरा नसलेली बाग

गेली तीस वर्षे मी कविता लिहितो आहे. माझ्या कवितेत पाखरे पुष्कळ. पण ती सगळी नुसती 'पाखरे'. हे माझ्या ध्यानात आणून दिले ते माझ्या सात वर्षांच्या नातीने.

पुण्यात येरवड्याला, मुळा-मुठेच्या काठी, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. नदीकाठची झाडी, गवत आणि मधून जाणारी पायवाट. एका हिवाळ्यात सकाळीच आम्ही तिथे गेलो.

"नाना, पक्षी कुठे ठेवलेत?" नातीने विचारले.

"ठेवलेले नाहीत, बेटा. ते आपल्या मर्जीने राहतात."

तेवढ्यात पाण्यावर एक बदक दिसले. काळी चोच, तिचे टोक पिवळे, आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. "याचं नाव काय?" मला सांगता येईना. शेजारी दुर्बीण घेऊन उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, हे हळदी-कुंकू बदक."

हळदी-कुंकू! ज्या कोणी हे नाव ठेवले, तो माझ्याहून मोठा कवी. आणि ते बदक पोहत होते सालिम अलींच्या नावाच्या बागेला लागून!

सालिम अलींची गोष्टही अशाच प्रश्नापासून सुरू होते. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. साहेबांनी पक्ष्यांचे जतन केलेले नमुने त्याला दाखवले. १८९६ साली जन्मलेला तो मुलगा १९८७ मध्ये डोळे मिटेपर्यंत पक्ष्यांचाच होऊन राहिला.

नदीला वास येत होता. तो आपल्याच सांडपाण्याचा. नातीने नाकाला रुमाल लावला; बदकापाशी रुमाल नव्हता. आपल्याला काठ नीटनेटका हवा असतो. पक्ष्याला मात्र चिखल हवा, लव्हाळे हवे, वठलेली फांदीसुद्धा हवी. २०२३ मध्ये याच नदीकाठची झाडे वाचावीत म्हणून पुणेकर रस्त्यावर उतरले होते. त्यांना त्या झाडांवर कोण राहते ते ठाऊक असावे. ज्याचे नावच आपल्याला माहीत नाही, तो निघून गेला तरी कळत नाही.

त्या रात्री नातीने वहीत बदकाचे नाव लिहिले. मीही माझ्या वहीत लिहिले. उतारवयात का होईना, माझ्या वहीत पहिला पक्षी नावानिशी उतरला.