कँडीसाहेबांच्या पुण्यात आपले स्वागत



परभाषा-अध्यापनाच्या परिषदेला आपण आमचे गाव निवडलेत, याचा स्वागत समितीला अभिमान वाटतो.

१८२१ साली इथल्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. टिळक, आगरकर तिथलेच. त्यांची नावे सर्वांना पाठ आहेत. मला आज स्मरण करायचे आहे ते मेजर थॉमस कँडी यांचे. लष्करातल्या नोकरीसाठी आलेले हे इंग्रज गृहस्थ मराठी शिकले. जुळे भाऊ जॉर्ज यांच्यासह त्यांनी कोशकार मोल्सवर्थांना मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात साहाय्य केले, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पुरा केला आणि वाड्यातल्या त्या कॉलेजचे ते प्रमुखही झाले. मराठीत विरामचिन्हे रुळली त्यात त्यांचा मोठा वाटा. १८७७ साली ते वारले. एवढ्या माणसाची ओळख आमच्या शाळकरी मुलांना नसावी, हे मला फार बोचते.

आज रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन शिकवतात. डेक्कन कॉलेजच्या आवारात तर परप्रांतीय शिक्षक येऊन मराठी शिकतात. विषय आपला आहे, तरी एक सांगतो. भाषा येणे वेगळे, ती शिकवता येणे वेगळे. मराठीत तीन लिंगे, जर्मनमध्येही तीनच. पण नामागणिक ती जुळत नाहीत. आपली मुले कुठे अडखळणार, हे शिक्षकाला वर्गात शिरण्याआधी ठाऊक हवे. म्हणून एम.ए.च्या अभ्यासक्रमात साहित्याबरोबर प्रत्यक्ष पाठ घेण्यालाही भरपूर तास आणि गुण असावेत, असे माझे ठाम मत आहे.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या खोल्या एका ठिकाणी मिळाल्या नाहीत. काही पाहुण्यांना रोज लांबून यावे लागेल. सभागृहात मागच्या रांगांना आवाज कमी पोहोचतो, म्हणून जादा कर्णे लावले आहेत. तरीही उणिवा राहतील. त्या पोटात घालाव्यात. लक्ष्मी रोडवरच्या व्यापाऱ्यांनी मागितल्याहून अधिक देणगी दिली, मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही, एका माउलीने नाव न सांगता दोन्ही दिवसांच्या चहाचा खर्च उचलला. छापखान्याने रात्रपाळी करून स्मरणिका वेळेत दिली, तर महाविद्यालयीन स्वयंसेवक पहाटेपासून स्टेशनवर उभे होते. या सर्वांचा मी शतशः ऋणी आहे.

काही हवे-नको असल्यास छातीवर केशरी फीत लावलेल्या कोणालाही हक्काने सांगा. उद्या दुपारच्या सुट्टीत विश्रामबागवाड्याला जाण्यासाठी गाडी ठेवली आहे; सर्वांनी अवश्य यावे, ही आग्रहाची विनंती.