ग्रंथसूचींतले हान्सेन

एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या सूचींत लेखकांच्या नांवांचे जे खण असतात, त्यांपैकीं ‘हान्सेन’ या नांवाचा खण उघडला तर फार विलक्षण मंडळी एका रांगेंत उभीं असलेलीं दिसतात. चंद्राच्या गतीचीं कोष्टकें, यवसुरेंतलें किण्व, कुष्ठरोगाचे जंतु, युरोपांतून अमेरिकेंत गेलेल्या लोकांचा इतिहास, मंदीचें अर्थशास्त्र, पृथ्वीच्या वातावरणाचें उष्णतामान! विषयांचा विषयांशीं संबंध नाहीं, काळाचा काळाशीं नाहीं. अपरिचित वाचकास वाटावें कीं, हें एखादें अलौकिक घराणें असावें आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्या त्याच्या घरीं पाणी भरीत असावी. वस्तुस्थिति अशी कीं, यांतल्या कोणाचेंही कोणाशीं नातें असल्याचा दाखला नाहीं. आज या मंडळींपैकीं कांहींजणांची गांठ घालून द्यावी, असा माझा विचार आहे.

आधीं नांवाची हकीकत. ‘हान्सेन’ म्हणजे हान्स याचा मुलगा. आणि हान्स हें योहान्नेस या ख्रिस्ती नांवाचें संक्षिप्त रूप. पूर्वीं डेन्मार्क व नॉर्वे या देशांतील सामान्य शेतकऱ्यास आडनांव असें नसेच. पीटरचा बाप हान्स असला म्हणजे तो पीटर हान्सेन. त्याचा मुलगा नील्स हा नील्स पीटरसेन. आणि मुलगी असली तर ती पीटरसदत्तर, म्हणजे पीटरची कन्या. आपल्याकडे नांव आणि आडनांव यांच्या मध्यें बापाचें नांव घालण्याची चाल आहे, तीच ही; फक्त तेथें बापाच्या नांवापुढें कांहींच नसे. प्रत्येक पिढींत नांव बदले. सरकारी दप्तरांत याचा घोटाळा होऊं लागला, तेव्हां डेन्मार्कच्या राजानें १८२८ सालीं हुकूम काढला कीं, बाप्तिस्म्याच्या वेळींच मुलाचें कायम आडनांव ठरवावें. नॉर्वेंत तसा कायदा १९२३ सालीं झाला. परिणाम असा झाला कीं, हुकमाच्या वेळीं ज्याच्या बापाचें किंवा आज्याचें नांव हान्स होतें, त्याचे सर्व वंशज कायमचे हान्सेन होऊन बसले. वाहतें पाणी जागच्या जागीं गोठावें तसा हा प्रकार. नॉर्वेमध्यें आज सर्वांत अधिक लोकांचें आडनांव हान्सेन हेंच आहे. डेन्मार्कमध्यें नील्सेन व येन्सेन यांच्या खालोखाल तें येतें. आइसलंडनें मात्र जुनी चाल सोडली नाहीं. तेथें अजूनही बहुतेकांच्या नांवापुढें बापाचें किंवा आईचेंच नांव लागतें.

आतां पहिले हान्सेन. पीटर आंद्रेआस हान्सेन यांचा जन्म १७९५ सालचा, श्लेस्विग प्रांतांतील टोंडर गांवचा. बाप सोनार, मुलगा घड्याळें दुरुस्त करण्याचें काम शिकला. विद्यापीठाचें तोंड न पाहिलेला हा कारागीर पुढें जर्मनींतील गोथा येथील वेधशाळेचा प्रमुख झाला आणि चंद्राच्या गतीचें गणित मांडूं लागला. चंद्र दिसावयास सौम्य. पण गणिती लोकांना त्यानें जितका छळला तितका दुसऱ्या कोणत्याही ज्योतीनें छळला नसेल. पृथ्वी त्याला ओढते, सूर्य ओढतो, इतर ग्रहही थोडेथोडे ओढतात. हान्सेन यांचीं चांद्रकोष्टकें १८५७ सालीं ब्रिटिश सरकारच्या खर्चानें छापलीं गेलीं, आणि सरकारनें त्यांना १,००० पौंडांचें पारितोषिक दिलें. समुद्रावरील नावाड्यांचीं पंचांगें पुढें पुष्कळ वर्षें याच कोष्टकांवरून तयार होत.

याच गृहस्थांनीं एक नवलाची कल्पनाही मांडली. गणित व वेध यांत जो थोडा फरक पडतो, त्याचें कारण म्हणून त्यांनीं सांगितलें कीं, चंद्राचा गुरुत्वमध्य त्याच्या आकारमध्यापासून सुमारें ५९ किलोमीटर पलीकडच्या बाजूस सरकलेला आहे. झालें! मग आपल्याला न दिसणाऱ्या बाजूस हवा असेल, पाणी असेल, कदाचित् वस्तीही असेल, असे तर्क सुरू झाले. सायमन न्यूकम या अमेरिकन ज्योतिर्विदानें १८६८ सालीं हा पायाच लटका ठरविला. रशियन यानानें १९५९ सालीं पलीकडच्या बाजूचीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां तेथेंही खड्डेच निघाले. गुरुत्वमध्य सरकलेला आहे हें खरें. पण अवघा दोन किलोमीटरांच्या सुमारास, आणि तोही आपल्याच बाजूला.

यानंतरच्या दोन हान्सेनांचीं नांवें मला एकत्रच घेतलीं पाहिजेत. एक जन्मले १८४१ सालीं नॉर्वेंतील बर्गेन येथें, दुसरे १८४२ सालीं डेन्मार्कमधील रीबे येथें. दोघेही सूक्ष्मदर्शकाच्या नळींतून सूक्ष्म जीवांकडे पाहण्यांत आयुष्य वेंचणारे. परंतु एकाच्या जीवानें त्याला यश दिलें आणि दुसऱ्याच्या जीवानें हुलकावणी दिली.

रीबेचे एमिल क्रिस्तियान हान्सेन हे प्रथम घरें रंगविण्याचें काम करीत. पुढें शिकून ते कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या प्रसिद्ध यवसुरा-कारखान्याच्या प्रयोगशाळेंत लागले. तेथें कधीं कधीं सुरा नासे, कडवट होई, कारण सांपडेना. हान्सेन यांनीं दाखविलें कीं, दोष एकट्या जंतूंचा नाहीं. चांगल्या किण्वांत रानटी किण्व मिसळलें म्हणजे असें होतें. त्यांनीं एकच पेशी वेगळी काढली, तिच्यापासून शुद्ध बीज वाढविलें, आणि १८८३ सालीं कारखान्याची सुरा त्या शुद्ध बीजावर होऊं लागली. कारखान्याचे मालक याकोब्सेन यांनीं हें बीज गुप्त न ठेवतां मागेल त्याला दिलें. व्यापारी माणसाच्या हातून असें औदार्य क्वचितच घडतें, म्हणून मुद्दाम सांगितलें.

बर्गेनचे गेर्हार्ड आर्मावर हान्सेन हे डॉक्टर. त्या काळीं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर कुष्ठरोगानें थैमान मांडलें होतें, आणि बर्गेन हें त्या रोगाच्या अभ्यासाचें मुख्य ठाणें होतें. तेथील ज्येष्ठ वैद्य दानियेल्सेन यांचें मत असें कीं, हा रोग आनुवंशिक आहे. त्यांनीं रोग्याच्या गांठींतील द्रव्य स्वतःच्या अंगांतही टोंचून घेतलें होतें. रोग झाला नाहीं, तेव्हां तो संसर्गजन्य नाहीं असा त्यांचा ग्रह दृढ झाला. आर्मावर हान्सेन हे त्यांचेच जांवई. १८७३ सालीं या जांवयास रोग्यांच्या गांठींतून काढलेल्या द्रव्यांत काड्यांसारखे सूक्ष्म जीव दिसले. माणसाच्या दीर्घकालीन रोगाचें कारण म्हणून जंतूकडे बोट दाखविण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रसंग. कॉक यांचा क्षयजंतु १८८२ सालचा, म्हणजे नऊ वर्षांनंतरचा.

पण दिसणें वेगळें आणि सिद्ध करणें वेगळें. सिद्ध करावयाचें तर जंतु शरीराबाहेर वाढवून दाखविले पाहिजेत, आणि हा जंतु कोणत्याही कृत्रिम खाद्यावर वाढेना. तो आजतागायत वाढलेला नाहीं! एमिल हान्सेन यांच्या किण्वाप्रमाणें तो कांचेच्या नळींत राहता, तर पुढचा प्रसंग कदाचित् घडला नसता. प्राण्यांवरील प्रयोगही फसले. त्यांतच नाइसर या तरुण जर्मन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं बर्गेनला येऊन नमुने नेले, ते रंगवून जंतु स्पष्ट दाखविले, आणि शोधाचा मान स्वतःकडे घेण्याचा प्रयत्न चालविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हान्सेन यांनीं रुग्णालयांतील एका स्त्रीच्या डोळ्यांत दुसऱ्या रोग्याच्या गांठींतील द्रव्य शस्त्रानें टोंचलें. तिला रोगाचा एक प्रकार होता; दुसरा प्रकार त्यामुळें उद्भवतो कीं काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. तिची संमति घेतली नव्हती.

या स्त्रीचें नांव कारी नील्सदत्तर. नील्सची कन्या! डॉक्टरांच्या नांवांतला ‘हान्स’ गोठून गेलेला. कारीच्या नांवांतला ‘नील्स’ मात्र जुन्या रीतीचा. प्रकरण न्यायालयांत गेलें. संमति विचारली नव्हती, हें डॉक्टरांनीं कबूल केलें. १८८० सालच्या मे महिन्यांत निकाल लागला आणि त्यांची रुग्णालयांतील जागा गेली. देशाचे कुष्ठरोगाचे प्रमुख अधिकारी म्हणून मात्र ते राहिले, आणि १८७७ व १८८५ सालच्या नॉर्वेच्या कायद्यांमागें त्यांचाच आग्रह होता. माझ्या मतें त्यांचा शोध मोठाच आहे. पण बर्गेनच्या न्यायाधीशांनीं एका गरीब रुग्ण स्त्रीच्या डोळ्याची बाजू घेतली, हेंही त्या शहराच्या इतिहासांत तितकेंच मोठें मानावें लागेल. त्या काळीं असें प्रकरण न्यायालयापर्यंत पोंचणें हीच दुर्मिळ गोष्ट होती.

पुढें या आडनांवाचा एक निराळाच उपयोग झाला. ‘महारोगी’ हा शब्द आपल्याकडे काय किंवा त्याचे पर्याय इतरत्र काय, माणसाच्या माणुसकीवरच घाव घालणारे. म्हणून अमेरिकेंतील कार्व्हिल येथील रुग्णांनीं ‘हान्सेनचा रोग’ असें म्हणावें असा आग्रह धरला. ब्राझीलनें तर १९९५ सालीं कायदा करून सरकारी कागदांतून जुना शब्द काढून टाकला. आपल्या वरोऱ्याच्या संस्थेचें नांव १९४९ पासून ‘महारोगी सेवा समिती’ असेंच आहे. बाबा आमटे यांनीं नांव न बदलतां त्या नांवाचा अर्थ बदलण्याचा मार्ग धरला. कोणता मार्ग बरा, हें ज्यानें त्यानें ठरवावें. संमतीविना टोंचलेल्या सुईचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकीं कांहींना ‘हान्सेनचा रोग’ हें नांवही खटकतें.

अमेरिकेंतील हान्सेनांकडे आतां घाईनें वळलें पाहिजे. घड्याळाचा कांटा थांबत नाहीं. ते तेथें गेले कसे, याचें उत्तर त्यांच्यापैकींच एकानें दिलें आहे. मार्कस ली हान्सेन हे विस्कॉन्सिनचे. बाप डॅनिश, आई नॉर्वेजियन. युरोपांतून अटलांटिक ओलांडून आलेल्या लोकांचा इतिहास त्यांनीं आयुष्यभर जमविला, आणि १९३८ सालीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. ग्रंथ १९४० सालीं निघाला. पुलित्झर पारितोषिक १९४१ सालीं मिळालें. त्यांचें एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: परदेशीं आलेल्या माणसाचा मुलगा बापाची भाषा, चालीरीति लपवूं पाहतो, आणि नातू त्याच गोष्टी हौसेनें शोधूं लागतो. आफ्रिकेंत, इंग्लंडांत किंवा अमेरिकेंत ज्यांचीं मुलेंनातवंडें आहेत, त्या मराठी श्रोत्यांना हें पटवून देण्याचें कारण नाहीं.

आल्विन हान्सेन हे दक्षिण डाकोटांतील डॅनिश शेतकऱ्याचे पुत्र, हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ. केन्स यांच्या ग्रंथावर आरंभीं त्यांनीं टीका केली आणि पुढें तेच केन्स यांचे अमेरिकेंतील मुख्य भाष्यकार झाले. लोकसंख्येची वाढ मंदावली व नवीं क्षेत्रें उरलीं नाहींत म्हणजे भांडवल गुंतविण्यास जागा राहत नाहीं आणि मंदी चिरकाल टिकते, असें त्यांनीं १९३८ सालच्या आपल्या अध्यक्षीय भाषणांत सांगितलें. महायुद्धानंतर लोकसंख्याही वाढली, व्यापारही वाढला. भाकित खोटें ठरल्यासारखें झालें. जेम्स हान्सेन यांचें भाकित निराळ्या प्रकारचें. आयोवांत जन्मलेले हे शास्त्रज्ञ आधीं शुक्राच्या दाट वातावरणाचा अभ्यास करीत. २३ जून १९८८ रोजीं अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें त्यांनीं साक्ष दिली कीं, पृथ्वी तापते आहे हें ९९ टक्के निश्चयानें सांगतां येतें. त्यानंतरचीं उष्णतामानें त्यांच्याच बाजूनें बोललीं आहेत.

ग्रंथपाल या सर्वांना एकमेकांपासून वेगळें कसें ठेवतात? नांवापुढें जन्मवर्ष लिहून. परंतु आतां लेखकांची संख्या इतकी झाली आहे कीं, जन्मवर्षही पुरत नाहीं. म्हणून २०१२ पासून जगांतील संशोधकांना सोळा स्थानांचा एक क्रमांक देण्याची सोय झाली आहे. आपल्याकडच्या जोशी, कुळकर्णी, देशपांडे मंडळींनाही तिचा उपयोग होतो.

राहिले लार्स पीटर हान्सेन, शिकागोचे. तुटपुंज्या माहितीवरून आर्थिक अनुमान कसें काढावें याची त्यांनीं १९८२ सालीं मांडलेली रीत आज जगभर चालते, आणि २०१३ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लॉरेन्स समर्स या अर्थशास्त्रज्ञानें एका भाषणांत, चिरकालीन मंदीची ती आल्विन हान्सेन यांची विस्मृत कल्पना पुन्हां बाहेर काढली, आणि वर्तमानपत्रांत एकाच वेळीं दोन हान्सेनांचीं नांवें झळकूं लागलीं. बऱ्याच वाचकांना ते बापलेक वाटले असतील तर त्यांत नवल नाहीं.