सटवाईचा कोरा कागद

बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाटावर सटवाईची पूजा मांडतात आणि शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या आयुष्याचा लेख लिहून जाते, अशी समजूत. तो लेख कुणालाच वाचता येत नाही. तरीही आपण किती जगणार याचा एक अंदाज ज्याच्या त्याच्या मनात असतोच, आणि त्यावर केवढे तरी निर्णय घेतले जातात. हा अंदाज येतो कुठून? बहुतेकांचा येतो घरातल्या मृत्यूंवरून. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, काकाही साठीच्या आतच गेले, म्हणजे ‘आमच्याकडे साठी कुणी ओलांडत नाही’. अमेरिकेत 1992 पासून पन्नाशी ओलांडलेल्या हजारो लोकांना, तुम्ही पंच्याहत्तरी गाठण्याची शक्यता किती वाटते, असं विचारत आले आहेत. तिथेही ज्यांचे आईवडील दीर्घायुषी, ते मोठा आकडा सांगतात. ज्यांचे लवकर गेले, ते लहान. असं वाटणं स्वाभाविक आहे. पण माझं म्हणणं असं, की हे माप जुनं झालं आहे. वडील जे पाणी प्यायले, त्यांना जो दवाखाना जवळ होता किंवा नव्हता, जी औषधं तेव्हा मिळत होती, त्या साऱ्याचा त्यांच्या वयात वाटा होता. ती परिस्थिती बदलली, आणि आपण मात्र त्यांच्याच वयाची पट्टी स्वतःला लावून बसतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. आज ते 70 च्या घरात आहे. हे आकडे ऐकले की वाटतं, पूर्वी माणसं तिशीतच म्हातारी होऊन मरत असतील. तसं नव्हतं. समजा, एका घरात दहा मुलं झाली. त्यांतली चौघं एक वर्षाची होता होता गेली, उरलेली सहा प्रत्येकी साठ वर्षं जगली. बेरीज झाली 364, सरासरी पडली छत्तीस वर्षं आणि काही महिने. पण छत्तिसाव्या वर्षी गेलेलं त्या दहांत एकही नाही! मोठी माणसंही अकाली जात होती, हे खरंच. डॉ. आनंदीबाई जोशी 1887 मध्ये क्षयाने गेल्या, तेव्हा बाविशीही पुरी झाली नव्हती. आगरकर 1895 मध्ये गेले ते चाळिशीच्या आत, गोखले 1915 मध्ये पन्नाशीच्या आत. आणि आगरकर-गोखल्यांच्याच फर्ग्युसन कॉलेजात त्याच काळात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे? 1858 चा जन्म, 1962 ला मृत्यू, वय 104. म्हणजे माणसाचा देह तेव्हाही शंभरी गाठू शकत होता. तिथवर पोचणारे मोजके होते. ‘जुनी माणसं दणकट, साजूक तुपावर नव्वदी गाठायची,’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे ही पोचलेली माणसं असतात. त्यांच्या पाळण्यातच गेलेल्या भावंडांचा फोटो कुठल्याच भिंतीवर नसतो.

यावर कुणी म्हणेल, आयुष्याची दोरी जेवढी तेवढीच, ज्याचं त्याचं लिहिलेलं. या बोलण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख आहे. ते उडवून लावण्यासारखं नाही. सटवाईची पूजा पाचव्या दिवशीच का, याचाही विचार करावा. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. तो आठवडा किती घातकी असतो, हे आपल्या आज्यापणज्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तो लेख अटळ होता का? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, त्याचं वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर इंजेक्शन कसं द्यायचं, हे त्या शिकल्या. त्याआधी न्यूमोनिया ओळखण्यासाठी, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा दाईंच्या हाती एक साधं साधन दिलं होतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नवजात बाळांच्या त्या कामाचे निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. गावं तशीच, घरं तशीच, गरिबीही तशीच. मग जिवंत राहिलेल्या त्या बाळांचं लिहिलेलं कुणी बदललं?

दुसरा आक्षेप रक्ताचा: दीर्घायुष्य घराण्यातच असावं लागतं. घराण्याचा वाटा आहेच, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही. डेन्मार्कमधल्या जुळ्या भावंडांच्या एका गाजलेल्या अभ्यासात, माणसामाणसांच्या आयुष्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे पाव भागच आनुवंशिक निघाला. आपल्याकडे केरळमध्ये जन्मलेल्या बाळाचं अपेक्षित आयुष्य छत्तीसगडमधल्या बाळापेक्षा सुमारे दहा वर्षांनी जास्त आहे. हे अंतर काही रक्तातलं नाही. आणि हल्ली चाळिशीतच हार्ट अटॅकने माणसं जातात त्याचं काय? ही भीती खरी आहे. युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो. पण हाही लेख वाचता येतो. रक्तदाब, साखर, तळहातावर चुन्याबरोबर मळून दाढेखाली धरलेली तंबाखू, ही त्याची अक्षरं आहेत. वडिलांना त्यांचा रक्तदाब कधी कळलाच नसेल. मुलाला तो पाच मिनिटांत कळतो.

अंदाज चुकला तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारील. बिघडतं ते साठीनंतर. भारतात आज जे साठाव्या वर्षापर्यंत पोचले, त्यांच्यापुढे सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षं असतात. बायकांपुढे थोडी जास्तच. जन्मावेळच्या सत्तरचा आकडा मनात धरून साठीतला माणूस ‘आता दहाच वर्षं राहिली’ असा हिशेब करतो, तो इथेच फसतो. बालपणाचे आणि तरुणपणाचे धोके त्याने आधीच मागे टाकलेले असतात. मग निवृत्तीचा पैसा दहा वर्षांत संपतो, आणि संपल्यावर हाल होतात ते बहुतेक वेळा बायकोचे, कारण ती वयाने लहान असते आणि बायका सरासरीने जास्त जगतात. त्या पुढच्या वर्षांचा विचार घरात कुणी केलेलाच नसतो, तिने स्वतःही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घे म्हटलं, तर बासष्ट वर्षांची बाई म्हणते, ‘आता मेलं काय राहिलंय, आमच्या गोवऱ्या कधीच मसणात गेल्या.’ तिच्या आईच्या वेळी हे कदाचित खरंही असेल. तिच्यापुढे मात्र बहुधा सोळा-सतरा वर्षं आहेत: तांदूळ निवडायची, सुईत दोरा ओवायची, नातवंडांची तोंडं ओळखायची.