क्रिप्टो एक्स्चेंज, त्यांची टोकने आणि किरकोळ गुंतवणूकदाराचे मुद्दल

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडली गेली, तेव्हा तिचा गाभा असा होता की दोन व्यक्तींमधील पैशांच्या देवघेवीत कोणाही मध्यस्थावर विसंबण्याची गरज उरू नये. या कल्पनेला दीड दशक लोटल्यावर दिसणारे चित्र मात्र अगदी उलट आहे. कारण आभासी चलन घेणारा सामान्य माणूस ते जवळजवळ नेहमीच एक्स्चेंज नावाच्या मध्यस्थाकडून घेतो आणि बहुधा त्याच मध्यस्थाकडे ठेवतोही. एक्स्चेंज म्हणजे खरेदीदार आणि विक्रेते यांच्या मागण्या एकत्र आणून त्यांचे सौदे जुळवणारी कंपनी. तिच्या मोबाइल ॲपवर पाच हजार रुपयांचे बिटकॉइन घेतल्याची नोंद उमटते, तेव्हा ब्लॉकचेनवर, म्हणजे त्या चलनाच्या जगभर विखुरलेल्या सामाईक खातेवहीवर, सहसा काहीच हालचाल झालेली नसते. बदल होतो तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या खतावणीत. प्रत्यक्ष नाणी कंपनीच्या मोठ्या सामाईक वॉलेटमध्ये असतात आणि ती हलवण्याचा अधिकार देणारी गुप्त संख्या, जिला खाजगी किल्ली म्हणतात, ती कंपनीच्या किंवा कंपनीने नेमलेल्या संस्थेच्या हाती असते. गुंतवणूकदाराजवळ उरतो तो कंपनीवरचा हक्क, आणि तो हक्क किती पक्का आहे हे कंपनीची नियत, तिची तिजोरी आणि तिच्या देशातील कायदा यांवर अवलंबून राहते.

शेअर बाजाराशी तुलना केली म्हणजे या रचनेतील धोका नेमका कोठे आहे ते उमगते. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर भारतात १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला, एनएसडीएल ही संस्था उभी राहिली आणि त्यामुळे सौदे जुळवणारा बाजार, ग्राहकाचा दलाल, हिशेब चुकता करणारी समाशोधन संस्था आणि शेअर सांभाळणारी डिपॉझिटरी ही चार कामे चार निरनिराळ्या हातांत गेली. ही विभागणी कागदोपत्री राहिली नाही. २०१९ मध्ये कार्वी या दलाली पेढीने ग्राहकांचे शेअर गहाण टाकून कर्ज उचलल्याचे उघड झाले, तेव्हा सेबीच्या आदेशानंतर थोड्याच दिवसांत ८० हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या डिमॅट खात्यांत परत वळवता आले. कारण ते कोणाचे आहेत याची नोंद दलालाच्या वहीबाहेर, एका तिसऱ्याच संस्थेकडे, होती. क्रिप्टो एक्स्चेंजच्या बाबतीत ही चारही कामे बहुतेक वेळा एकाच छताखाली होतात. त्यात पाचवे काम जोडले गेले आहे आणि तेच या विवेचनाचा मुख्य विषय आहे: स्वतःचे टोकन काढून तेच आपल्या बाजारात खपवण्याचे.

टोकन म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या एखाद्या ब्लॉकचेनवर कोणीही निर्माण करू शकेल असे आभासी एकक. एक्स्चेंज असे टोकन काढते आणि त्याला उपयोग जोडते: टोकनातून शुल्क भरल्यास दलालीत सूट, नव्या नाण्यांच्या प्राथमिक विक्रीत अग्रक्रम, टोकन काही काळ अडकवून ठेवल्यास व्याजासारखा मोबदला, उसन्या रकमेवरील सौद्यांसाठी तारण म्हणून मान्यता. बायनान्स या एक्स्चेंजने २०१७ मध्ये बीएनबी हे टोकन आणले आणि त्यातून शुल्क भरणाऱ्यास सवलत देऊ केली; पुढे इतरांनी तोच कित्ता गिरवला. दररोज छोटे सौदे करणाऱ्याला ही सूट खरोखरच फायद्याची वाटते आणि तेवढ्यापुरती ती फायद्याची असतेही. तथापि एकूण व्यवहार आवळा देऊन कोहळा काढण्याचा ठरतो. ज्या कंपनीकडे त्याची सारी नाणी ठेवलेली असतात, तिच्याच भवितव्यावर बेतलेली आणखी एक मालमत्ता तो विकत घेतो. कंपनीला ओहोटी लागली की सूट, टोकनाचे मोल आणि खात्यातील मुद्दल ही तिन्ही एकाच दिवशी धोक्यात येतात. जोखीम विभागून ठेवावी हे गुंतवणुकीचे प्राथमिक तत्त्व येथे नेमके उलटे वापरले जाते आणि ते उलटे झाले आहे हे ॲपच्या पडद्यावर कोठेही दिसत नाही.

एफटीएक्स या एक्स्चेंजच्या पतनात ही साखळी पायरीपायरीने पाहता येते. सॅम बँकमन-फ्राइड आणि गॅरी वाँग यांनी २०१९ मध्ये ते स्थापन केले आणि त्याच वर्षी एफटीटी नावाचे टोकन बाजारात आणले. शुल्कातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा काही भाग वापरून कंपनी ही टोकने परत विकत घेऊन नष्ट करी, त्यामुळे भाव चढा राहण्यास मदत होई. बँकमन-फ्राइड यांच्याच मालकीची अलामेडा रिसर्च ही सौदे करणारी कंपनी होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी कॉइनडेस्क या वृत्तसंस्थेने तिच्या ताळेबंदाचा तपशील प्रसिद्ध केला. सुमारे १,४६० कोटी डॉलरच्या मालमत्तेत ३६६ कोटी डॉलरचे मोकळे एफटीटी आणि २१६ कोटी डॉलरचे तारण दिलेले एफटीटी होते. म्हणजे जवळजवळ दोन पंचमांश संपत्ती ही जोडकंपनीने स्वतःच काढलेल्या टोकनांची होती. बाजारात प्रत्यक्ष फिरणारी टोकने थोडी आणि भाव ठरे तो त्या थोड्या टोकनांच्या सौद्यांवर. त्या भावाने पेटीतील सगळ्या साठ्याचे मोल लावले जाई आणि त्या मोलावर खरे पैसे उसने घेतले जात. ६ नोव्हेंबरला बायनान्सचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी आपल्याजवळचे एफटीटी विकण्याचा निर्णय जाहीर केला. २५ डॉलरच्या आसपास असलेला भाव काही दिवसांत ५ डॉलरच्याही खाली आला, ठेवीदारांची रीघ लागली, ८ तारखेला पैसे काढणे थांबवले गेले आणि ११ नोव्हेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांच्या ठेवी अलामेडाच्या हवाली झाल्या होत्या हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले आणि मार्च २०२४ मध्ये बँकमन-फ्राइड यांना २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

त्यानंतरचा भाग किरकोळ गुंतवणूकदाराच्या दृष्टीने शिक्षेपेक्षाही महत्त्वाचा आहे. दिवाळखोरीत ग्राहकांचे दावे अर्ज दाखल झाला त्या दिवशीच्या डॉलरमधील किमतीने ठरले, तेव्हा एक बिटकॉइन सुमारे १७ हजार डॉलरचा होता. छोट्या दावेदारांना पैसे मिळू लागले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, जेव्हा तोच बिटकॉइन ९० हजार डॉलरच्या पुढे गेला होता. व्याजासह पूर्ण भरपाई झाल्याचे सांगितले गेले आणि हिशेबाने ते चूक नाही. परंतु ज्याने बिटकॉइन ठेवला होता त्याला बिटकॉइन परत मिळाला नाही. याच कंपनीच्या जपानी शाखेचे ग्राहक मात्र फेब्रुवारी २०२३ पासूनच आपली ठेव काढू लागले होते. टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडाल्यावर आणि २०१८ मध्ये कॉइनचेकवर मोठी चोरी झाल्यावर जपानने ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून अलग ठेवणे आणि तिचा बहुतांश भाग इंटरनेटशी न जोडलेल्या वॉलेटमध्ये राखणे सक्तीचे केले होते. कंपनी तीच होती, फरक कायद्याने पाडला होता.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्सचे आहे. या एक्स्चेंजचे डब्ल्यूआरएक्स टोकन फेब्रुवारी २०२० मध्ये बायनान्सच्या मंचावर ०.०२ डॉलर भावाने विकले गेले; एप्रिल २०२१ मधील तेजीत त्याचा भाव ५ डॉलरच्या वर गेला आणि अनेक तरुणांनी ते त्या उंचीवरच घेतले. १८ जुलै २०२४ रोजी एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची, नाणी चोरीस गेली. ते वॉलेट बहुस्वाक्षरी पद्धतीचे होते: सहा किल्ल्यांपैकी पाच कंपनीकडे आणि एक लिमिनल या सांभाळसंस्थेकडे, आणि व्यवहार पुरा होण्यासाठी दोन्ही बाजूंच्या स्वाक्षऱ्या आवश्यक. तरीही स्वाक्षऱ्या झाल्या. पडद्यावर एक व्यवहार दिसत असताना प्रत्यक्षात दुसऱ्यालाच मंजुरी दिली गेली, असे कंपनीचे म्हणणे होते. दोन्ही संस्थांनी दोष एकमेकींकडे दाखवला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचे म्हटले.

चोरीनंतर एक्स्चेंजने तोटा सर्व ग्राहकांत वाटून घेण्याची कल्पना पुढे केली. ज्यांची नाणी चोरट्यांनी पळवलेल्या प्रकारची नव्हती, त्यांनीही तोट्याचा वाटा उचलावा असा तिचा अर्थ होता. प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेले, कारण मूळ कंपनी तेथे नोंदलेली होती; नाशिक किंवा सोलापूरच्या खातेदाराला आपल्या पैशांचा निवाडा परदेशी न्यायालयात होणार हे बहुधा त्याच वेळी प्रथम समजले. खाती वर्षाहून अधिक काळ गोठलेली राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत ग्राहकांना शिलकीचा काही भाग नाण्यांच्या रूपाने आणि उरलेल्यापोटी ‘रिकव्हरी टोकन’ देण्याचे ठरले. कंपनीच्या भावी नफ्यातून आणि वसुलीतून ती टप्प्याटप्प्याने परत घेतली जायची आहेत. टोकनाचा हा नवा उपयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. पूर्वी टोकन घेऊन ग्राहक स्वेच्छेने कंपनीच्या भवितव्यात वाटेकरी होत असे. आता येणे असलेली रक्कमच टोकनात रूपांतरित झाल्याने त्याला वाटेकरी व्हावेच लागते, आणि आपले पैसे निघावेत म्हणून ज्या कंपनीकडे ते अडकले तिचाच धंदा वाढावा अशी इच्छा धरावी लागते. दिवाळखोरीपेक्षा हा मार्ग बरा, असे बहुसंख्य खातेदारांनी मतदानात ठरवले आणि त्यांच्यापुढचे पर्याय पाहता ते समजण्यासारखे आहे.

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने एका खातेदार महिलेच्या अर्जावर अंतरिम आदेश देताना म्हटले की आभासी चलन ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळता येते. तिच्या खात्यातील एक्सआरपी नाणी चोरीस गेलेल्या प्रकारातील नव्हती. लाखो खातेदारांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा आधार आहे. पण ज्याला न्यायालयाची पायरी चढणे परवडते त्यालाच तो मिळतो.

करव्यवस्थेने या गुंतवणूकदाराला वेगळ्या तऱ्हेने घेरले आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एकात ५० हजार मिळाले आणि दुसऱ्यात ५० हजार गेले, तर हाती शून्य येऊनही उपकरासह १५,६०० रुपये कर भरावा लागतो. शिवाय त्या वर्षीच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का कर कापला जातो. तो पुढे हिशेबात वळता होत असला, तरी एक लाख रुपये घेऊन शंभर वेळा खरेदी-विक्री करणाऱ्याजवळ, भाव तसूभर न हलताही, फिरते भांडवल सुमारे ३७ हजारच उरते. सट्टेबाजीला आळा घालण्याचा हेतू रास्त आहे. मात्र सरकारला प्रत्येक विक्री मोजता येते, प्रत्येक खातेदाराचा पॅन क्रमांक ठाऊक असतो आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली नोंदही ठेवावी लागते. एवढी यंत्रणा उभी असताना ग्राहकांची नाणी अलग ठेवण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा मात्र २०२५ सरेपर्यंत झाला नव्हता. युरोपीय संघाने तो नियम डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू केला आहे.

एफटीएक्सनंतर अनेक एक्स्चेंज आपल्याजवळील नाण्यांचा पुरावा प्रसिद्ध करू लागली. त्यात कंपनीजवळ काय आहे ते दिसते. ती कोणाचे काय देणे लागते, आणि दाखवलेली नाणी त्या दिवसापुरती उसनी आणली होती काय, हे त्यातून कळेलच असे नाही. म्हणून अशा पुराव्यावर कायद्याचे काम सोपवता येत नाही. भारतीय संसदेने तीन गोष्टी कायद्यात आणाव्यात: ग्राहकांची नाणी स्वतंत्र सांभाळसंस्थेकडे अलग राहावीत, एक्स्चेंजने स्वतःचे टोकन कोणत्याही कर्जासाठी तारण धरू नये, आणि भारतीय खातेदाराचा वाद भारतीय न्यायालयात चालावा. हे होईपर्यंत किरकोळ गुंतवणूकदाराने एक्स्चेंजवरील शिलकीकडे विनातारण दिलेले कर्ज म्हणूनच पाहावे आणि दलालीतील सवलतीसाठी त्याच कंपनीचे टोकन घेऊन ते कर्ज वाढवू नये.