सरकारी वकील कोणाचा?

(महिला कार्यकर्त्यांच्या कायदा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सल्लाकेंद्रात येणारी बाई एक वाक्य हमखास बोलते, "ताई, मला सरकारनं वकील दिलाय." या वाक्यापाशी जरा थांबू या. पुढे कोर्टात तिची जी निराशा होते, तिचं मूळ पुष्कळदा याच समजुतीत असतं.

सरकारी वकील सरकारचा असतो. बलात्कार, हुंडाबळी, सासरचा छळ हे कायद्याच्या दृष्टीने केवळ एका बाईविरुद्धचे नव्हे, तर समाजाविरुद्धचे गुन्हे आहेत. म्हणून खटला चालवतं ते राज्य. बाई असते साक्षीदार. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेलं प्रकरण आठवा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्या निकालाचं नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. ज्या आदिवासी मुलीवरच्या अत्याचाराचा हा खटला, ती या नावात कुठेच नाही. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

आता हे 'राज्य' कोर्टात बोलतं कोणाच्या तोंडून? खालच्या कोर्टात सरकारी वकिलाच्या. उच्च न्यायालयात महत्त्वाच्या प्रश्नावर महाधिवक्त्याच्या, म्हणजे अ‍ॅडव्होकेट जनरलच्या. हे पद कंपनी सरकारच्या काळातलं. कंपनीच्या, पुढे राणीच्या सरकारच्या हिताची बाजू मांडणं हे त्याचं काम. १९३५ च्या कायद्याने प्रत्येक प्रांताला असा अधिकारी दिला. मुंबई प्रांताचे महाधिवक्ता राहिलेले मोतीलाल सेटलवाड पुढे १९५० मध्ये भारताचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल झाले. राज्यघटनेच्या १६५ व्या कलमाने हे पद राज्यात कायम ठेवलं. नेमणूक राज्यपाल करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता लागते. सरकारला कायद्याचा सल्ला देणं हे काम. विधिमंडळात बोलता येतं, मत देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या वरच्या माणसाशी आपल्या तालुक्यातल्या बाईचा काय संबंध? संबंध आहे. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १९५६ सालचा मंदिरप्रवेशाचा कायदा होताच, तो पाळला जात नव्हता. सुनावणीत प्रभारी महाधिवक्त्यांनी सांगितलं की स्त्री-पुरुष भेदभावाला सरकारचा विरोध आहे. १ एप्रिलला न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितलं, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, बायका चौथऱ्यावर चढल्या. सरकारचा वकील कोर्टात जे बोलतो त्याने सरकार बांधलं जातं. म्हणून तो काय बोलणार हे आधीच विचारायचा हक्क चळवळीला आहे.

खाली मात्र चित्र वेगळं दिसतं. माझ्याबरोबर साक्षीला आलेल्या एका बाईला सरकारी वकील पहिल्यांदा भेटले ते साक्षीच्या दहा मिनिटं आधी, कोर्टाच्या व्हरांड्यात. त्यांच्या हातात त्या दिवसाच्या फायलींचा गठ्ठा होता. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण घरात जे सोसलं ते सांगायला त्या बाईला दहा मिनिटं कशी पुरणार?

आणखी एक गोष्ट. सरकारी वकिलाचं कर्तव्य कसंही करून शिक्षा मिळवणं हे नाही; सत्य न्यायालयापुढे ठेवणं हे आहे. हे तत्त्व योग्यच आहे, उद्या आपल्याच एखाद्या बाईवर खोटा खटला झाला तर तेच तिला वाचवील. पण 'तटस्थ' म्हणजे 'बेफिकीर' नव्हे, हे आपण ठणकावून सांगायला हवं.

कायद्यात काही दारं उघडली आहेत. २००९ च्या अखेरीपासून पीडितेला, न्यायालयाच्या परवानगीने, सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला तर तिला स्वतः अपील करता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हे हक्क आहेत. शिवाय, सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर न्यायालयाने आधी पीडितेचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, अशी तरतूद आता आली आहे. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेला पात्र आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.

तेव्हा कामं ठरवू या. बाईला पहिल्याच भेटीत सांगायचं की सरकारी वकील राज्याचा आहे. आरोपपत्र दाखल होताच त्यांची भेट मागायची, साक्षीच्या दिवसाची वाट पाहायची नाही. आरोपपत्राची प्रत मिळवून तिला तिचा जबाब वाचून दाखवायचा. निकालाची प्रत लगेच काढायची, अपिलाची मुदत जाऊ द्यायची नाही. आणि दर तारखेला आपल्यापैकी एकीने कोर्टात हजर राहायचं.

सरकारी वकील राज्याचा आहे, हे खरं. पण राज्य कोणाचं, हा प्रश्न आपण सोडलेला नाही. तो दर तारखेला, कोर्टाच्या बाकावर बसून, विचारत राहू या.