राख निवू द्या

घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या रुग्णांच्या घरच्यांशी आज मला बोलायचं आहे. ३५ शेक होतात, सात आठवड्यांनी सुटका होते, आणि पुढच्या पाच-सहा आठवड्यांतच कुणीतरी काळजीपोटी पेट स्कॅन करून आणतं. पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं, 'आजार शिल्लक असल्याची शंका'. घरात कुणाला घास जात नाही.

अहो, इतकी घाई का करता?

चूल विझवल्यावर राखेवर हात धरला तर ऊब लागते. म्हणून काय चूल पेटलेली असते? पेटमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. जिथे साखर जास्त खेचली जाते, ती जागा चमकते. कॅन्सरच्या पेशी साखर खातात, आणि शेकाने सोललेला, भरून येत असलेला घसाही खातो. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. रात्रीची भांडी आवरल्यावर त्या चुलीच्या राखेवर पुन्हा हात धरा. सगळीकडे गार आणि एकाच कोपऱ्यात चटका बसला, तर तिथे निखारा असू शकतो. ही राख निवायला बारा आठवडे द्यावे लागतात. बारा. लिहून ठेवा, आणि ते शेवटच्या शेकापासून मोजा.

हा आकडा मनाचा नाही. पूर्वी मानेत मोठ्या गाठी असल्या की शेक आणि केमोनंतर मानेचं ऑपरेशन ठरलेलंच असे. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे, दुसऱ्याचा बारा आठवड्यांनी पेट, आणि त्यात गरज दिसली तरच ऑपरेशन. २०१६ साली निकाल छापून आला. पहिल्या गटात २२१ ऑपरेशनं झाली, दुसऱ्यात अवघी ५४. आणि जगण्याच्या बाबतीत दुसरा गट मागे पडला नाही. मान न कापता वाचलेली ही माणसं! त्यातल्या बहुतेकांचा आजार विषाणूमुळे झालेला होता, आपल्याकडे तंबाखूचा जास्त; तेवढं भान ठेवायला हवं.

आणखी एक. बारा आठवड्यांनी स्कॅन गार आला तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. गरम आला तर मात्र तितका नाही. तिथला तुकडा तपासल्याशिवाय कुणी निकाल देऊ नये, आणि तुम्हीही तो धरू नये.

शेक सुरू होण्याआधीच स्कॅनवरून निकाल सांगता येईल का, यावरही काम चालू आहे. गाठीच्या आत प्राणवायू कमी असला की शेक नीट लागू पडत नाही, आणि तो कमी आहे हे दाखवणारे स्कॅन आहेत. साध्या सीटीतल्या गाठीचा पोतही संगणक वाचू लागलाय, त्याबद्दल... पण घड्याळ पुढे गेलं. ते पुन्हा कधीतरी.

थांबा म्हणजे डॉक्टरकडे जाऊ नका असं नाही, बरं का. ठरलेल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. श्वास अडकला, रक्त पडलं, नवी गाठ लागली, तर त्याच दिवशी या. स्कॅनला सांगितलेले तास उपाशी जा. इंजेक्शननंतर तासभर बोलू नका, काही चघळू नका. बोललात तर स्वरयंत्राचे स्नायू साखर खेचतात आणि तीच जागा चमकते. सोबत आलेल्यांनी त्या तासात पेशंटला काही विचारू नये.