रद्दीच्या गठ्ठ्यातून बाहेर पडणारे घर

(एका कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी मध्यमवर्गीय घरात रद्दी ही निव्वळ टाकाऊ वस्तू कधीच नव्हती. महिनाअखेरीस रद्दीवाला तराजू घेऊन दारी येई, तो काटा मारतो म्हणून गृहिणी त्याच्याशी हुज्जत घाली आणि हाती येणारे चार पैसे तिच्या डब्यात जात. त्याआधीच्या पिढीत तर पुष्कळसा कागद घराबाहेर जातच नसे. तो भिजवला जाई, मेथ्या घालून कुटला जाई आणि त्या लगद्याने बांबूच्या टोपल्या लिंपल्या जात. उरलासुरला बंबात पडे.

आज वर्तमानपत्रांच्या घडीतून दुसरेच काही बाहेर जाते. बँकेचा खातेउतारा, विम्याच्या हप्त्याची सूचना, म्युच्युअल फंडाचे विवरण, वीजबिल, कोणी न मागितलेले ‘पूर्वमंजूर’ कर्जाचे पत्र, आधारची बिघडलेली झेरॉक्स आणि हल्ली घरोघरी साचणारी खोकी, ज्यांच्यावरील चिठ्ठीत नाव, पत्ता आणि पुष्कळदा भ्रमणध्वनी क्रमांकही छापलेला असतो. यातला एकेक कागद निरुपद्रवी वाटतो. परंतु हे सारे एकाच गठ्ठ्यात बांधले की त्या कुटुंबाचे संपूर्ण चित्र तयार होते. घरात कोण राहते, खाते कोणत्या शाखेत आहे, ठेवीची मुदत केव्हा संपते, आणि मुलगा परदेशी असेल तर तेही!

फसवणूक करणाऱ्याला तिजोरीची किल्ली नको असते. त्याला हवा असतो विश्वास किंवा भीती. निवृत्त शिक्षकाला फोन येतो. समोरचा मनुष्य त्यांचे पूर्ण नाव, बँकेची शाखा आणि खात्याचे शेवटचे चार अंक बिनचूक सांगतो. एवढे ऐकल्यावर तो बँकेचाच माणूस नाही, अशी शंका किती जणांना येईल? दि. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘डिजिटल अटक’ या फसवणुकीविषयी देशाला सावध केले, तेव्हा व्यक्तिगत माहिती गोळा करणे हाच या टोळ्यांचा पहिला डाव असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. ही माहिती संगणकातून चोरली जाते हे खरे. पण ती रद्दीतही पडलेली असते, आणि रद्दीचा बंदोबस्त प्रत्येकाच्या स्वतःच्या हाती आहे. अमेरिकेत लोक कचऱ्याच्या पिंपातून पत्रे वेचून परक्याच्या नावे कर्जे काढू लागले, तेव्हा तेथे घरोघरी कागद फाडण्याची यंत्रे आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८८ मध्ये, रस्त्यावर ठेवलेल्या कचऱ्यावर खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही, असाच निर्णय दिला आहे.

हा विचार पाश्चात्त्यांकडून आयात करण्याची मात्र गरज नाही. मंत्ररक्षणाविषयी सांगताना कौटिल्याने अर्थशास्त्रात पोपट आणि मैना यांच्याकडूनही गुप्त मसलत फुटल्याचे नमूद केले आहे. पाखरापुढेही सावध राहावे असे सांगणारी परंपरा ज्यांची, त्यांनी पॅन क्रमांकासह कागद भेळेच्या गाडीवर जाऊ द्यावा, हे विचित्रच म्हणायचे. (खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास २०१८ च्या नियमांनी बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे गाडीवर गेल्यावर दिसतेच.)

कागद नुसता दोनदा फाडून भागत नाही. तेहरानमधील अमेरिकी वकिलातीचा ताबा ४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थ्यांनी घेतला, त्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी यंत्रातून कागदपत्रे कापून टाकली होती. पण ते यंत्र लांब उभ्या पट्ट्या कापणारे होते. विद्यार्थ्यांनी त्या पट्ट्या चिकाटीने शेजारी शेजारी जुळवल्या आणि महासत्तेची गुपिते पुस्तकरूपाने छापली. म्हणून यंत्र घ्यायचेच तर उभे-आडवे दोन्ही कापून बारीक तुकडे करणारे घ्यावे. ज्यांना तो खर्च नको, त्यांच्याकडे कात्री आहे. नाव आणि क्रमांक असलेला भाग कापून रात्रभर पाण्यात भिजवला आणि सकाळी चुरगाळला की काम झाले. आजीची टोपलीची कृती येथवर तरी उपयोगी पडते. जाळणे मात्र नको. त्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जातो.

येथे एक गोष्ट उत्साही मंडळींच्या ध्यानात येत नाही. सगळाच कागद यंत्रात घालणे हा अपराधच होय. कापलेल्या कागदाचा तंतू आखूड होतो, पुनर्वापरात त्याची किंमत घटते आणि बारीक चुरा वेचताही येत नाही. कचरा वेचणाऱ्या भगिनीची मिळकत अखंड कागदावर असते. वर्तमानपत्रे, कोरे लिफाफे, जाहिराती, पत्त्याची चिठ्ठी काढलेली खोकी, हे सारे तिला जसेच्या तसे द्यावे. चुरा व्हावा तो फक्त नाव आणि क्रमांक असलेल्या भागाचा. तो साधा कागद असेल तर ओल्या कचऱ्याच्या खतात कोरडा थर म्हणून उत्तम चालतो, पाणी शोषतो, दुर्गंधी कमी करतो. गुळगुळीत रंगीत कागद आणि एटीएमची चकचकीत पावती यांना खतात स्थान नाही. त्या पावतीवर रसायनाचा लेप असतो. आधारची प्रत कोठे द्यावी लागली, तर शेवटचे चारच अंक दाखवणारी झाकलेली प्रत शक्य तेथे द्यावी, म्हणजे पुढे नष्ट करण्याजोगे फारसे उरत नाही.

आणि एकदा का यंत्राची खरखर घरात सुरू झाली, की हात आवरत नाही. खरेदीखत, मृत्युपत्र, मुदत ठेवीची पावती, चालू विम्याचा करार, प्राप्तिकराची कागदपत्रे यांना हात लावू नये, हे सांगण्याची गरज नसावी. भीती वेगळीच आहे. गावोगावच्या माळ्यांवर वाळवी लागलेली दप्तरे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी पायपीट करून गोळा केली. त्यांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यांना दप्तरे दाखवण्यास नकार देणारी घरे होती, आणि कागदांचे मोल न जाणणारीही होती. आजही एखाद्या वाड्याची विक्री झाली, की आजोबांच्या ट्रंकेतील मोडीतील पत्रे आधी रद्दीत जातात. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी मंडळी भेटतात. ट्रंक उघडलीत, तर यंत्राचे बटण दाबण्यापूर्वी तो गठ्ठा तेथे दाखवून यावा.